स्वर अखंड राहावा म्हणून
(नारायणगड येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



ज्या गडाला आपण ‘धाकटी पंढरी’ म्हणतो, त्याच्या परिसरात वाढलेल्या मुलांना सप्ताहातील वीणा ठाऊक असते. पहाऱ्यावरचा वारकरी ती दुसऱ्याच्या गळ्यात घातल्यावाचून बाजूला होत नाही. कोण सरासरीने किती वेळ उभा राहिला, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. वीणा क्षणभर खाली टेकली तरी पहारा मोडला, असेच मानतात. संगणकाकडून स्वर काढू पाहणाऱ्यास नेमका हाच नियम लागू पडतो.

मुलांना सुरात गावयास लावायचे तर तंबोरा हवा. परंतु मिरजेचा तंबोरा प्रत्येक शाळेने घ्यावा, ही अपेक्षा व्यवहारात बसणारी नाही. म्हणून तळहातावर मावणाऱ्या छोट्या संगणकाकडे आपले लक्ष जाते. रास्पबेरी पाय नावाचा असा संगणक २०१२ साली इंग्लंडात निघाला, तोच मुळी मुलांना संगणकविद्या यावी या हेतूने. त्यावर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने तंबोरा किंवा पेटी वाजविता येते.

एका शाळेत मी हा प्रयोग पाहिला. प्रार्थना सुरू झाली आणि दुसऱ्याच ओळीला सुरात कडकड आवाज येऊ लागला. मुले हसली. गुरुजींनी यंत्र बंद करून कपाटात ठेवले आणि ते पुढे बाहेर आले नाही. मुख्याध्यापकांनी मला पडद्यावरचा आकडा दाखविला. प्रोसेसर अवघा पंचवीस टक्के कामात होता! मग सूर तुटला कशाने?

त्या प्रोसेसरमध्ये चार कोअर, म्हणजे चार कामकरी होते. स्वर घडविण्याचे सारे काम एकट्यावर पडले होते आणि उरलेले तिघे स्वस्थ बसले होते. एकाचे शंभर टक्के चौघांत वाटले की पंचवीस दिसतात. आकडा खोटा नव्हता, पण तो सरासरीचा होता. म्हणून प्रत्येक कोअरचा आकडा वेगळा पाहावा. टॉप ही आज्ञा देऊन १ हा अंक दाबला की तो दिसतो.

आता काम किती, ते पाहू. चांगल्या ध्वनीसाठी दर सेकंदाला ४४,१०० आकडे ध्वनिक्षेपकाकडे जावे लागतात. ते एकेक न जाता घाणीघाणीने जातात. एका घाणीत २५६ आकडे धरले तर ती पुरी करण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भागच मिळतात. एकच घाण उशिरा पोचली तरी कडकड ऐकू येते. आधीच्या शंभर वेळेवर पोचल्या होत्या, याचा काही उपयोग नाही.

यावर उपाय आपल्या दुष्काळी जिल्ह्यास सांगावयास नको. टँकर कधी येईल याचा भरवसा नसेल तर घरात मोठा रांजण ठेवतात. घाण २०४८ आकड्यांची केली की हजारातील सेहेचाळीस भागांची सवड मिळते. मात्र तेवढाच उशीर स्वर उमटण्यास होतो. तंबोरा आपला आपण वाजत असतो, त्याला हा उशीर बाधत नाही. पेटीची गोष्ट वेगळी. बोट आता दाबले आणि सूर मागाहून आला, तर गाणारा अडखळतो. तेव्हा तंबोऱ्याला रांजण मोठा द्यावा, पेटीला लहान. आमच्या त्या शाळेत एवढा एक बदल करताच तंबोरा सुरळीत चालला.

वाद्य कोणत्या रीतीने घडविले आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९८३ साली छेडलेल्या तारेची एक अतिशय काटकसरीची रीत प्रसिद्ध केली. काही आकडे यदृच्छया घ्यावयाचे, ते चक्रासारखे फिरवीत ठेवावयाचे आणि दर फेरीस शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी काढावयाची. आश्चर्य असे की त्यातून तारेचा नाद निघतो. सेकंदाला २२० कंपने होणाऱ्या तारेस सुमारे दोनशे आकडे पुरतात. चार तारांचे हे काम २०१२ सालचा एका कोअरचा, सेकंदाला सत्तर कोटी ठोक्यांचा प्रोसेसरही सहज उरकतो. यंत्र दमते ते एका स्वरासाठी डझनभर लहरी एकावर एक रचून वर देवळातल्यासारखा घुमारा चढविला म्हणजे. घुमारा आधी काढून टाकावा; वर्गाच्या चार भिंती तो फुकट देतात.

या साध्या रीतीत जवारी मात्र येत नाही. घोडीचा रुंद, किंचित वक्र माथा आणि त्यावरचा दोरा यांमुळे तंबोऱ्याचा नाद कसा खुलतो, याचा अभ्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ सालीच मांडला होता. मिरजेच्या कारागिरांनी भिण्याचे कारण नाही. मुलांचा षड्ज स्थिर होण्यास आपल्या या यंत्राचा सूर पुरेसा आहे, एवढेच माझे म्हणणे.

राहिली उष्णतेची गोष्ट. प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की जळू नये म्हणून आपण होऊन वेग कमी करतो. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली, बंद डबीत, ही वेळ लवकर येते. सकाळच्या प्रार्थनेला गाणारे यंत्र दुपारच्या तासाला कडकडते ते यामुळे. वीज कमी पडली तरी तोच परिणाम होतो. २०१९ सालच्या चौथ्या आवृत्तीस पाच व्होल्टची तीन अँपिअर वीज लागते, आणि मोबाईलचा कोणताही जुना चार्जर ती देतोच असे नाही.

म्हणून शाळेच्या पैशाने असे यंत्र घेण्यापूर्वी ते भर दुपारी, आपल्याच वर्गात, आपल्याच विजेवर, चारही तारा लावून अर्धा तास वाजवून पाहावे, आणि त्या वेळी पडद्याकडे न पाहता कान द्यावा.