‘तुला हे कसं कळलं?’ : वसतिगृहातील मुलांचे शोधनिबंध

(वसतिगृहाच्या सहायक मंडळींच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



जेवणखाण, नव्या खोल्या, औषधपाणी हे सगळे अहवालात आले आहे, म्हणून त्यावर मी बोलत नाही. मला बोलायचे आहे ते आठवी-नववीच्या मुलांनी स्वतः शोध घेऊन लिहायच्या निबंधाविषयी. शाळेत त्याला प्रकल्प म्हणतात. वह्या-पुस्तकांसाठी तुम्ही आठवणीने पैसे पाठवता. त्या वह्यांत काय लिहिले जाते, हेही तुम्हाला कळायला हवे.

बहुतेक प्रकल्प कसे होतात हे तुम्ही घरीच पाहता. दुकानातून चित्रांचा तक्ता आणायचा, कापून चिकटवायचा, कडेने स्केचपेनने नक्षी काढायची आणि मजकूर गाईडातून उतरवायचा. आता तर मोबाईलला विचारले की दोन मिनिटांत ‘पाण्याचे महत्त्व’ तयार! अक्षर बरे असले की गुणही मिळतात.

आमच्या मुलांचे यात आणखी एक नुकसान होते. वारली, कोकणा, कातकरी यांच्याविषयी छापलेले जे मिळते ते बहुतेक बाहेरच्या माणसांनी लिहिलेले. 1882 चे ठाणे गॅझेटियर घ्या, ते साहेबाच्या नजरेतून आहे. तीच भाषा पुढच्या पुस्तकांत झिरपत आली. मूल ती उतरवते आणि स्वतःच्या आजीविषयी ‘हे लोक’ असे लिहिते. एका वारली मुलाच्या वहीत मी हे वाचले आहे. जुनी पुस्तके वाचू नयेत असे मी म्हणत नाही. कोणी लिहिले, कोणत्या साली लिहिले आणि त्याने कोणाला विचारले, एवढे शेजारी लिहून मग वाचावीत.

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या मुलीने फेब्रुवारीत विषय घेतला, ‘पाणीटंचाई : कारणे व उपाय’. अभियंते ज्यावर आयुष्य घालवतात त्याचे उत्तर आठवीतल्या मुलीने कुठून आणायचे? मी तिला विचारले, ‘तुला स्वतःला यात काय त्रास होतो?’ ती म्हणाली, ‘सुटीत घरी गेले की अंधारात उठून विहिरीवर जावं लागतं. विहीर लांब आहे ना!’ झाले, प्रश्न सापडला. आमच्या पाड्यावर मे महिन्यात एका घरच्या पाण्याला रोज किती वेळ लागतो आणि तो कशात जातो? प्रश्न एवढा लहान झाला की मुलाच्या पायांनी आणि एका वहीने त्याचे उत्तर शोधता येते.

शाळेच्या दिवसांत ती इथे आणि विहीर तिकडे. मग आत्याने मदत केली. दोरीला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला. दर रविवारी आत्या ती विहिरीत सोडायची आणि किती गाठी भिजल्या ते फोनवर सांगायची. मेच्या सुटीत मुलगी स्वतः गेली. प्रत्येक खेपेच्या वेळा टिपल्या : घरातून निघालो कधी, विहिरीवर पोहोचलो कधी, हंडा भरला कधी, परत आलो कधी. सगळ्या घरांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने.

वही आली तेव्हा तिचा अंदाज चुकीचा ठरला होता. वेळ चालण्यात जात नव्हता, थांबण्यात जात होता. खाली काळा पाषाण. एवढा पाऊस पडतो, पण पाणी उतारावरून निघून जाते आणि उन्हाळ्यात विहिरीत बारीक झरा तेवढा उरतो. रात्रभर साचलेले पाणी पहिल्या चार-पाच घरांचे. नंतरच्या बायकांनी तळाशी बसून वाटीने भरायचे. म्हणून अंधारात उठणे.

तिला पहिले पान फाडून टाकायचे होते. मी म्हटले, ते पान राहू दे. ‘मला असे वाटले होते, मोजल्यावर असे दिसले’ हीच तुझ्या निबंधाची खरी जागा. विहीर लांब आहे म्हटले तर उपाय वेगळा, झरा मंद आहे म्हटले तर वेगळा.

वैतरणेवरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही तिला लिहायचे होते. तो राग खरा आहे. पण त्यावरच दहा पाने लिहिली असती तर तिची वही कोरीच राहिली असती. तो भाग तिने एका परिच्छेदात लिहिला.

दोन गोष्टींवर मी हट्ट धरला. म्हाताऱ्या माणसांचे बोलणे आधी त्यांच्या बोलीत जसेच्या तसे लिहायचे, मग खाली शाळेची मराठी. आणि लिहून झाल्यावर ज्याचे त्याला वाचून दाखवायचे. एका काकूंनी ‘माझं नाव नको’ म्हटले, ते काढले. लूकच्या शुभवर्तमानाची पहिली चार वचने घरी उघडून बघा. डोळ्यांनी पाहिलेल्यांचे ऐकून, मुळापासून शोध घेऊन, क्रमाने लिहितो असे तो सुरुवातीलाच सांगतो. धर्मज्ञानाच्या वर्गात आम्ही ती वचने पाठ केली. त्यांतली मेहनत मला या मुलीच्या वहीत दिसली.

अशा कामाला वावही आहे. 1993 पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत 10 ते 17 वयाची मुले आपल्या भागातल्याच प्रश्नांवर काम मांडतात. तिथे नक्षीपेक्षा नोंदवही महत्त्वाची.

तुम्ही वसतिगृहात येता तेव्हा एका मुलाजवळ अर्धा तास बसा. शुद्धलेखन सुधारू नका, ते आम्ही बघू. प्रत्येक वाक्यावर फक्त विचारा, ‘तुला हे कसं कळलं?’ मूल म्हणाले ‘आजीने सांगितलं’ तर आजीचे नाव आणि तारीख वहीत आहे का ते पाहा. ‘पुस्तकात होतं’ तर पुस्तकाचे नाव. गप्प बसले तर ते वाक्य कुठूनतरी उचललेले आहे. रागावू नका, पेन्सिलीने खूण करा आणि पुढे जा.

यंदा तिघांनी विषय घेतले आहेत. एकीला आठवडेबाजारात कोणत्या रानभाज्या विकायला येतात आणि कोणत्या फक्त घरीच खाल्ल्या जातात हे पाहायचे आहे. एक मुलगा वीटभट्टीवरून परत आलेला. त्याच्या वर्गातली किती मुले दिवाळीनंतर आई-बापाबरोबर भट्टीवर जातात आणि कधी परततात हे तो मोजणार आहे. जिल्ह्याचे नको, तुझ्याच वर्गाचे मोज, असे त्याला सांगितले आहे. तिसऱ्याचे अजून ठरत नाही, त्याला वेळ देऊ.

शनिवारी दुपारी ही मुले मोकळी असतात. त्यांना तक्ते आणि चमकी नकोत. जाड पुठ्ठ्याच्या वह्या, दोन घड्याळे आणि तालुक्याच्या वाचनालयापर्यंतचे एस.टी.चे भाडे हवे. मोजायची टेप दिलीत तर पोलादी द्या, कापडी ताणली जाते.