बस्ता, पेठ आणि बदलता ग्राहक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात दुकानदारीचा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येऊ शकेल. समाजाच्या बहुतेक संस्थांची जुनी पावतीपुस्तके उघडली, तर देणगीदारांच्या नावांमागे कापड, किराणा, भांडी, आडत असेच व्यवसाय आढळतात. वसतिगृहाची एखादी खोली, पाठशाळेचा फळा, भोजनशाळेचे पातेले यांच्यामागे कोठल्या ना कोठल्या पेठेतील गादीवर झालेली विक्री असते. ती गादी आज अस्थिर झाली आहे आणि तिच्यावर पुढे कोण बसणार, याचे उत्तर अनेक घरांत मिळत नाही. म्हणून हा विषय प्रस्तुत आहे.

सगळ्या व्यापाराचा धांडोळा घेण्याऐवजी कापडापुरते, आणि कापडातही बस्त्यापुरते बोलणे सोयीचे ठरेल.

लग्न ठरले की पहिली मोठी खरेदी बस्त्याची. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सकाळीच दुकानी येत. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, व्याह्यांचे पोशाख, टॉवेल-टोप्या, उपरणी, आहेराचे खण अशी यादी एखाद्या मावशीच्या हाती असे. सांगली-कोल्हापूर भागात त्या यादीत इरकल आणि गुळेदगुड्डचा खण हटकून असे. दुकानदार साडीमागून साडी उलगडत जाई, चहा येई, रुसवेफुगवे होत आणि ते मिटवण्याचे कामही बहुधा दुकानदाराकडेच येई. कोणत्या घरात कोणाचा मान आधी, हे त्याला त्या घरातील धाकट्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक असे. दिवेलागणीला बस्ता बांधला जाई. काही रक्कम रोख, उरलेली खात्यावर नावे पडे आणि ऊस गेला किंवा सुगी झाली की फिटे. त्या उधारीला कागद नव्हता, तारण नव्हते. होती ती केवळ ओळख.

आज त्याच गादीवर निराळे दृश्य दिसते. मंडळी येतात, चाळीस साड्या उलगडल्या जातात. त्यांतील दोन-तीन साड्यांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर घेतली जातात, आणि 'घरी विचारून सांगतो' असे म्हणून मंडळी उठतात. चार दिवसांनी त्याच रंगाची, तशाच काठाची साडी पार्सलने घरपोच येते. दुकानात उरते ते चाळीस साड्यांच्या घड्या घालण्याचे काम. ग्राहकाचा यात काही अपराध आहे, असे म्हणता येत नाही. दोन ठिकाणी भाव पाहणे हा व्यापाऱ्याचाच धडा आहे. तो स्वतः माल भरायला सुरतेस जातो, तेव्हा दहा गाळे फिरूनच सौदा करतो.

पेठेवर असे संकट प्रथमच आले आहे, असेही नाही. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर वार गेला आणि मीटर आला, तेव्हा दुकानदार गोंधळला. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरणीच्या कापडावर उभी असलेली दुकाने यंत्रमागाच्या कापडाकडे वळली. पुढे तयार कपडे आले व पँट-शर्टच्या पिसांचा धंदा ओसरला. शिंप्याचे काम कमी होण्यास भ्रमणध्वनी कारणीभूत आहे, असे सर्रास बोलले जाते. पण ते काम त्याच्या कितीतरी आधी तयार कपड्यांनी नेले होते. मग २००१ मध्ये बिग बझार सुरू झाले, आणि आता छोटे दुकान संपले, असे जाणकार सांगू लागले. त्या बिग बझारची दुकाने २०२२ मध्ये बंद झाली. पेठेतील अनेक छोटी दुकाने मात्र अजून उघडी आहेत. तेव्हा भाकिते ऐकून फळ्या लावण्याची घाई नको.

तथापि या वेळचे संकट जातीने निराळे आहे. मॉल शहरात होता, तेथे जावे लागे. हे दुकान ग्राहकाच्या खिशात आहे. पेठेला साप्ताहिक सुट्टी आहे. २०१७ च्या राज्य कायद्याने वर्षभर दुकान उघडे ठेवण्याची मुभा मिळाली, तरी माणसाला विश्रांती लागतेच. भ्रमणध्वनीला ती लागत नाही.

भावातील फरकाचेही नीट आकलन व्हावयास हवे. पडद्यावरील साडी स्वस्त असते, याला तीन कारणे असतात. एक म्हणजे उत्पादक मधली साखळी गाळून थेट विकतो. ही कार्यक्षमता आहे आणि तिला नावे ठेवणे योग्य नाही. दुसरे म्हणजे मोठे भांडवलदार वर्षानुवर्षे तोटा सोसून बाजार काबीज करतात. २०१८ मध्ये वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा ७७ टक्के हिस्सा घेतला, यावरून समोरच्या पैलवानाच्या वजनाची कल्पना यावी. तिसरे कारण साधे आहे. छायाचित्रात कापडाचे वजन दिसत नाही. पोत, सुताचा पीळ, जरीचा कस हे हाताला कळते, डोळ्याला नाही.

दुसऱ्या कारणावर सरकारने नियम केले. २०१६ च्या मार्चमधील परिपत्रकाने परकीय भांडवलाच्या कंपन्यांना केवळ बाजारपेठ चालवण्याची मुभा दिली. स्वतःचा माल ठेवून विकण्याची दिली नाही, आणि विक्रीच्या भावावर प्रभाव टाकण्यासही मनाई केली. स्वतःची भागीदारी असलेल्या विक्रेत्यांमार्फत विक्री करण्यावर १ फेब्रुवारी २०१९ पासून बंदी आली. व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून २०२० च्या जानेवारीत भारतीय स्पर्धा आयोगाने अ‍ॅमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला. हे सारे आवश्यक होते. परंतु चौकशीचा निकाल लागेपर्यंत गादी सांभाळावयाची ती दुकानदारानेच. छोट्या विक्रेत्यास त्याच पडद्यावर जाण्याची वाटही दीर्घकाळ अडलेली होती. उलाढाल कितीही कमी असली, तरी जीएसटी नोंदणीवाचून त्याला तेथे माल विकता येत नव्हता. राज्यांतर्गत विक्रीपुरती ती अट १ ऑक्टोबर २०२३ पासून सैल झाली.

आता थोडे कटू बोलावे लागेल. पेठेला आधार द्या, असे समाजाला सांगण्यापूर्वी पेठेने स्वतःच्या घरात डोकवावे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी आजही किती दुकानांत आहे? पडद्यावरचा परका विक्रेता न आवडलेली साडी दारातून परत नेतो आणि तीन पिढ्यांच्या ओळखीचा दुकानदार पाटीकडे बोट दाखवतो. ओळखीच्याला एक भाव, अनोळख्याला दुसरा. पक्के बिल मागितले की कपाळावर आठी. मग ग्राहकाने कोणत्या ओढीने यावे?

यंत्रावरची साडी हातमागाची येवल्याची पैठणी म्हणून विकली गेल्याची उदाहरणे पडद्यावर आहेत, तशी पेठेतही आहेत. परराज्यांतील चादरी सोलापुरी म्हणून खपवल्या जातात, ही सोलापूरच्या उत्पादकांची जुनीच तक्रार आहे. वास्तविक पैठणी व सोलापुरी चादर या दोहोंनाही भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार यांची गणना होते. मापात फरक करणे आणि अस्सल म्हणून नक्कल देणे, हे दोन्ही दोष तेथे चोरीच्या शेजारी बसवले आहेत. शेकडो वर्षांपूर्वी हे लिहिले गेले, तेव्हाही दुकाने होतीच. रेशमासाठी सिल्क मार्क २००४ पासून आणि हातमागासाठी हँडलूम मार्क २००६ पासून उपलब्ध आहे. ज्या दुकानात ही चिन्हे असलेला माल वेगळ्या कपाटात असतो आणि यंत्रमागाच्या साडीस स्पष्टपणे यंत्रमागाची म्हटले जाते, त्या दुकानास भ्रमणध्वनीची भीती निम्म्याने कमी आहे.

दुसरी कटू गोष्ट देण्याची. स्थानिकांकडून घ्या म्हणणारा दुकानदार ज्या छोट्या मागवाल्याकडून माल उचलतो, त्याचे पैसे कधी देतो? कापड बाजारात तीन-चार महिन्यांची उधारी ही रूढी आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये नवी तरतूद आली. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे, करार नसल्यास १५ दिवसांत व असल्यास फार तर ४५ दिवसांत न दिल्यास त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळणार नव्हती. तेव्हा सर्वांत मोठा कोलाहल कापड बाजारात झाला. वेळेवर पैसे देण्याची सक्ती हा अन्याय वाटावा, हे पेठेला शोभणारे नव्हते. यंत्रमागवालाही कोणाचा तरी शेजारीच आहे.

पेठेजवळ देण्यासारखे काय आहे, हे २०२० ने दाखवले. त्या वर्षी २५ मार्चला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली, लग्नसराई गेली. मात्र पुढे पंचवीस-पन्नास माणसांत लग्ने होऊ लागली, तेव्हा अनेक गावांत दुकानदारांनी भ्रमणध्वनीवर साड्या उलगडून दाखवल्या, निवडलेला माल घरी पोचवला, न आवडलेला परत घेतला आणि पैसे सवडीने घेतले. हे काम गादीवरच्या शेठजींनी नव्हे, बहुतेक ठिकाणी घरातील मुलीने किंवा सुनेने केले. ज्या दुकानांनी टाळेबंदीनंतरही ते काम तिच्याकडेच ठेवले, तेथे गादीच्या वारसाचा प्रश्न परस्पर सुटल्यासारखा दिसतो. दुकान चालवण्यास मुलगाच हवा, असे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

ग्राहकाकडून अपेक्षा मोठी नाही. सगळी खरेदी पेठेतच करावी, असा आग्रह धरणे अव्यवहार्य आहे. परंतु बस्ता पडद्यावर बांधू नये. साडी पार्सलने आली, तरी फॉल-पिको गावातल्याच बाईकडून होते हे खरे. पण बस्ता दुकानात झाला की दुकानदार त्या बाईला एकदम साठ साड्यांचे काम देतो, हमालाला फेरी मिळते, ब्लाऊजचा शिंपी महिनाभर गुंतून राहतो. शिवाय हळदीच्या आदल्या रात्री एक साडी कमी पडली, तर दार ठोठावण्याजोगे घर एकच असते. भाव जास्त वाटल्यास तो तोंडावर सांगावा. छायाचित्र घेऊन निघून जाण्यापेक्षा, 'पडद्यावर इतक्याला आहे, काय करता?' असे विचारणे अधिक सरळ आहे. दुकानदाराने त्या वेळी रागावू नये. दोन्ही कापडे हातात देऊन फरक दाखवावा आणि फरक नसेल तर भाव उतरवावा.

राहता राहिली संस्था. वसतिगृहाला चादरी लागतात, विद्यार्थ्यांना गणवेश लागतो, पर्वकाळी पूजेची धोतरे लागतात. ही खरेदी मोठी आहे आणि ती कोठून होते, यास महत्त्व आहे. नव्या शैक्षणिक वर्षाच्या चादरींसाठी दर मागवताना विश्वस्तांनी पेठेतील सर्व दुकानांना, समाजातील असोत वा नसोत, पंधरा दिवस आधी लेखी कळवावे. नमुन्याची चादर कार्यालयात ठेवावी, म्हणजे वजन आणि वीण प्रत्येकाला हाताने पाहता येईल. ज्याचा माल घेतला जाईल त्याला संस्थेने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, आणि त्यानेही ते आपल्या मागवाल्यापर्यंत तितक्याच तत्परतेने पोचवल्याची पावती संस्थेला दाखवावी.