तोल सांभाळणारा धाकटा

श्रोतेहो, आमचे भाईजान शिंपी. नगरच्या कापड बाजारालगत त्यांचं दुकान. दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला माणूस. बारा वर्षांपूर्वी एका सकाळी दुकानाकडे जाता जाता ते एकाएकी झोकांड्या खाऊ लागले. जीभ जड झाली, उलटी झाली. ‘चाचांनी सकाळीच लावली वाटतं,’ म्हणून कुणी हसलंही. घरी आणल्यावर आम्हीदेखील पित्त समजून लिंबू-पाणी देत बसलो. हात-पाय हलत होते, मग लकवा कसा म्हणायचा? दुपारी स्कॅन केलं तेव्हा कळलं, लहान मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडला होता.

मी कवितेतला माणूस. या अवयवाची ओळख मला तेव्हाच झाली. शाळेच्या पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. डोक्याच्या मागे, मोठ्या मेंदूच्या खाली तो असतो. वजन साऱ्या मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याचं. पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या त्याच्यात! उभा छेद घेतला तर आत झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिला ‘जीवनवृक्ष’ म्हटलं. तिथल्या मोठ्या पेशींचं वर्णन १८३७ मध्ये पुर्किंये या चेक शास्त्रज्ञानं केलं; त्या आजही त्याच्याच नावानं ओळखल्या जातात.

हुकूम मोठ्या मेंदूचा. पण तो नीट पार पडतो की नाही, हे धाकटा पाहतो. आतल्या कानाकडून आणि स्नायूंकडून त्याला क्षणाक्षणाची खबर येते. पाऊल वाकडं पडतंय असं दिसलं की तो लगेच दुरुस्ती करतो. मात्रा चुकली की कवीचा कान टोकतो, तसंच. पायानं मशीन चालवत हातानं कापड सरकवणं भाईजान सरावानं शिकले, ते याच्याच जोरावर.

मोठ्या मेंदूची उजवी बाजू डावं अंग चालवते; लहान मेंदूचं मात्र उजव्याला उजवं. म्हणून भाईजानांचा उजवा हात लुळा पडला नाही, पण सुई धरली की नेम चुके. दारूही याच लहान मेंदूला गुंगवते. म्हणजे हसणाऱ्यांनी जागा बरोबर ओळखली होती, कारण तेवढं चुकलं!

त्याच्या पुढ्यातच मस्तिष्कपुच्छ आहे. श्वास आणि हृदयाचे ठोके तिथून चालतात. लहान मेंदूला सूज आली तर तिथं दाब पडून जीव जाऊ शकतो. भाईजान वाचले. वर्षभराच्या व्यायामानंतर काठीशिवाय चालू लागले. कटिंग सुटली ती सुटलीच; बटणं मात्र लावतात.

तेव्हा श्रोतेहो, चांगला माणूस अचानक झोकांडू लागला, बोबडं बोलू लागला, एकाची दोन दिसू लागली, तर त्याच्या तोंडाचा वास घेत बसू नका. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आमचे तेवढे तास लिंबू-पाण्यात गेले.