चालत्या माणसासाठी मोबाइल सेवा

प्रवासातल्या माणसाचे फोनकडे लक्ष तुकड्यातुकड्यांनी लागते. संशोधक आन्टी औलासविर्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजून दाखवले. शहरी वावरातल्या नऊ नेहमीच्या प्रसंगांत त्यांनी लोकांना फोनवर माहिती शोधायला लावली. प्रयोगशाळेत सलग सोळा सेकंदांहून अधिक काळ पडद्यावर टिकणारी नजर अवघड प्रसंगी काही सेकंदांतच उठत होती. उरलेले लक्ष पायरी, वाहने आणि पुढचे स्थानक यांनी घेतलेले असते. लक्षाबरोबर हातही अपुरा पडतो. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये सार्वजनिक जागी फोन वापरणारे १,३३३ लोक पाहिले, तेव्हा त्यांतल्या पडद्याला स्पर्श करत असलेल्यांपैकी ४९ टक्के लोक एकाच हाताने फोन चालवत होते. मुंबईच्या लोकलमध्ये दुसरा हात कडीला असतो, नाहीतर पिशवीला. म्हणून मुख्य बटण अंगठ्याच्या टप्प्यात हवे, आणि अर्धवट राहिलेले काम फोन खिशातून पुन्हा काढल्यावर जिथल्या तिथे सापडायला हवे.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी ‘यूटीएस’ हे मोबाइल तिकिटाचे ॲप २०१४ च्या अखेरीस आले. पुढच्या वर्षी कागदाची छापील प्रतही लागेनाशी झाली. रांग टळली, पण एक अट आली: रुळांपासून ठरावीक अंतराबाहेर असल्याशिवाय तिकीट निघणार नाही. अट रास्तच होती. ती नसती तर टीसी दिसल्यावरच अनेकांनी डब्यात उभ्याउभ्या तिकीट काढले असते. अडचण होती ती मोजमापाची. मोकळ्या आभाळाखाली फोनचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. उंच इमारतींच्या दाटीत, पुलाच्या छपराखाली ही चूक वाढते. रुळांना लागूनच रस्ता असलेल्या स्थानकाबाहेरचा प्रामाणिक प्रवासी यंत्राच्या लेखी आतला ठरू शकतो. पुढे स्थानकांत क्यूआर फलक लागले; फलक स्कॅन केला की तिथेच तिकीट काढता येऊ लागले. स्थानकापासून फार लांबूनही तिकीट निघत नसे; ही बाहेरच्या बाजूची अंतरमर्यादा २०२४ मध्ये उठली. लबाडी रोखणाऱ्या प्रत्येक अटीची किंमत गाडी गाठायला निघालेला कोणीतरी मोजतो, आणि ती अट लिहिणाऱ्याला तो माणूस दिसत नाही. संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हाती अशा अटी लिहिण्याचे काम येणार आहे. त्या अटींची चाचणी संध्याकाळच्या गर्दीत दादर स्थानकाच्या पुलावर व्हायला हवी. कचेरीतल्या वाय-फायवर तर सगळेच चालते.

नेटवर्क जाणे हा अपवाद धरून चालत नाही. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. अशा ठिकाणी नेटवर्कवर भिस्त नको म्हणून काढलेले तिकीट, वेळापत्रक आणि पुढच्या स्थानकांची यादी फोनमध्येच साठवलेली असावी. मुंबईकरांच्या रोजच्या वापरातल्या ‘एम-इंडिकेटर’ने लोकलचे वेळापत्रक इंटरनेटशिवाय पाहता येईल असे ठेवले, हे त्याच्या यशाचे मोठे कारण मानायला हवे. पैशाच्या व्यवहारात तर दुहेरी काळजी लागते. बटण दाबले आणि सिग्नल गेला, तर पैसे कापले की नाही हे प्रवाशाला कळत नाही आणि तो पुन्हा दाबतो. प्रत्येक मागणीला स्वतःचा क्रमांक दिला, तर तीच मागणी दोनदा पोचली तरी सर्व्हर तो क्रमांक तपासून ती एकदाच पुरी करू शकतो.

प्रवास तासाभराचाच असतो असे नाही. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन गाव सोडतात आणि गळीत हंगामभर साखर कारखान्याच्या परिसरात कोप्यांत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. रेशन मात्र पूर्वी गावच्या दुकानाला बांधलेले होते. ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेत ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांत आंतरराज्य धान्यवाटप सुरू झाले. २०२२ पर्यंत सगळी राज्ये त्यात आली. या रचनेतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट म्हणजे कार्डावरचे धान्य विभागून उचलता येते. गावी राहिलेले आजी-आजोबा आपला वाटा तिथे घेतात, उसाच्या फडावर गेलेली माणसे आपला वाटा कारखान्याजवळ घेतात. सेवेने घर एकाच पत्त्यावर असल्याचे गृहीत धरले नाही.

उरतो तो ओळख पटवण्याचा प्रश्न. दुकानातल्या यंत्रावर बोट टेकवावे लागते, आणि कोयता व ऊस हाताळून झिजलेले ठसे यंत्रावर नेहमी उमटतातच असे नाही. मोबाइलवर ओटीपी पाठवणे हा त्यावरचा एक उपाय. पण आधारला जोडलेला नंबर बहुधा घरातल्या एकाच फोनचा असतो, आणि तो फोन पहाटेच फडावर गेलेला असू शकतो. त्यामुळे ठसा, डोळ्याची बुबुळे आणि ओटीपी यांपैकी जो मार्ग त्या वेळी जमेल तो दुकानदाराला लगेच निवडता यावा, आणि तिन्ही फसले तर धान्य देऊन नोंद नंतर तपासण्याची सोय यंत्रातच असावी.