साथीच्या काळातील ग्रामव्यवस्था आणि शिक्षक
(मोर्शी येथील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत झालेले भाषण)



आपण आज मोर्शीस जमलो आहोत. येथून जवळच सिंभोरा येथे वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण आहे व अमरावती शहर त्याच जलाशयाचे पाणी पिते. २२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्रीपासून अमरावती व अचलपूर ह्या शहरांत कोरोनामुळे टाळेबंदी लागू झाली. दुकाने मिटली, रस्ते ओस पडले. परंतु घरात बसलेल्या माणसास पाणी हवेच होते. तेव्हा टाळेबंदी म्हणजे सर्व कामे थांबणे नव्हे. पुष्कळांना घरी बसता यावे म्हणून काहींनी घराबाहेर पडावयाचे, असा तिचा खरा अर्थ आहे. हे काही जण कोण, आणि तेच अंथरुणास खिळले तर पुढे काय, ह्याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

वऱ्हाडास हा प्रश्न नवा नाही. १९१८ साली इन्फ्ल्युएंझाची साथ आली, तेव्हा हिंदुस्थानातील ज्या प्रांतांची सर्वाधिक प्राणहानी झाली त्यांत मध्यप्रांत व वऱ्हाडाची गणना होते. त्या वेळी देशात अनेक ठिकाणी जन्ममृत्यूची नोंद ठेवणारी माणसेच आजारी पडली आणि नोंदी अपुऱ्या राहिल्या. साथीत सेवा करणारा आणि सेवा घेणारा असे दोन वर्ग राहत नाहीत, हा त्यातील बोध होय.

आपल्या गावचा पाणीपुरवठाच पाहा. पंपाची किल्ली, कोणत्या वस्तीची कळ केव्हा फिरवावयाची, टाकीत ब्लीचिंग पावडर किती टाकावयाची, हे सारे बहुधा एकाच कर्मचाऱ्यास ठाऊक असते. एक हजार लिटर पाण्यास ताजी पावडर सुमारे ५ ग्रॅम, ती आधी बादलीत कालवून व निवळ वरचे पाणी घेऊन टाकावयाची, आणि मग नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला की नाही हे ओ. टी. चाचणीच्या पिवळ्या रंगावरून पाहावयाचे, एवढेच हे शास्त्र आहे. ते शिकण्यास एक सकाळ पुरे. परंतु ती सकाळ साथ येण्यापूर्वीची असावी लागते. साथीत कावीळ व हगवण ह्यांची भर पडली, तर आधीच थकलेल्या आरोग्य केंद्राने कोणाकोणास पाहावे?

सफाईचेही तसेच आहे. गाडगेबाबांच्या ह्या जिल्ह्यात झाडूचे महत्त्व सांगणे नलगे. परंतु झाडू धरणाऱ्या माणसास हातमोजे, साबण आणि वेळेवर वेतन देणे हा ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेचाच भाग आहे. सेवा चालू ठेवणे म्हणजे प्रथम सेवकास उभे ठेवणे होय.

आता आपल्या स्वतःच्या सेवेकडे वळू. राज्यातील शाळा मार्च २०२० च्या मध्यास बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. मध्ये साडेवीस महिने गेले. जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीच्या पटावर चढले, ते बालक शाळेत प्रथम बसले तेव्हा दुसरीचे अर्धे वर्ष सरत आले होते. आपल्या घटनेच्या अकराव्या परिशिष्टात पंचायतींकडे सोपवावयाचे २९ विषय दिले आहेत. पिण्याचे पाणी, आरोग्य व स्वच्छता आणि प्राथमिक शिक्षण हे तिन्ही त्यांत एकाच पंक्तीस बसले आहेत. असे असता पहिल्या दोन सेवा चालू राहिल्या आणि तिसरी थांबली.

ती थांबली ह्यात शिक्षकांचा आळस मुळीच नव्हता. आपल्यापैकी कित्येकांच्या हाती खडूऐवजी नाक्यावरची नोंदवही आली. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली, तेव्हा घरोघर जाऊन ताप व प्राणवायू मोजण्याच्या कामीही शिक्षक होते. ते काम आवश्यकच होते. दूरदर्शनवरून पाठ दाखविले गेले, भ्रमणध्वनीवरून अभ्यास पाठविला गेला. परंतु ज्या घरी ही साधने नव्हती, तेथील मूल मागे राहिले. उलट शालेय पोषण आहाराचे धान्य शाळा बंद असतानाही मुलांसाठी देण्यात आले. कारण त्याची यादी, वजन व वाटप करणारा माणूस ठरलेला होता. पाठ किती, कोणी व कोठे पोहोचवावयाचा, हे मात्र कोणी ठरवून ठेवले नव्हते.

हे ठरविणे गावास अशक्य नाही. जुलै २०२१ मध्ये शासनाने महिनाभर कोरोनामुक्त राहिलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरविण्याचा निर्णय सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीवर सोपविला. गावची परिस्थिती गावास अधिक कळते, हे शासनानेच तेव्हा मान्य केले. लहान मुलांच्या बाबतीत गावाने हा विचार आधीच करून ठेवावा, एवढेच माझे मागणे आहे.

त्यासाठी तीन कामे सुचवितो. पहिले, ग्रामपंचायतीने पाणी, दिवाबत्ती, सफाई, धान्यवाटप अशा प्रत्येक कामास एक जोडीदार नेमावा आणि वर्षातून एकदा आठवडाभर त्याच्याकडून ते काम प्रत्यक्ष करवून घ्यावे. ह्या यादीत शाळेचेही नाव असावे. दुसरे, आपल्या पटावरील प्रत्येक मुलाची वस्ती, घरातील वाचता येणारे माणूस व उपलब्ध साधन ह्यांची नोंद शिक्षकाने दर जूनमध्ये अद्ययावत ठेवावी. तिसरे, वस्तीवार सहा ते आठ मुलांचे गट आजच पाडावेत, प्रत्येक गटास बसण्याची उघडी, सावलीची जागा ठरवावी आणि दहावी-बारावी झालेला गावचा एखादा मुलगा किंवा मुलगी साहाय्यक म्हणून तयार करावी. आरोग्य खात्याने मनाई केली तर गट भरवू नये. परंतु परवानगी मिळेल त्या दिवशी तयारी नाही म्हणून एक दिवसही वाया जाऊ नये.

येत्या ग्रामसभेत हा विषय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत मांडावा. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी ह्यांना पाण्याची काळजी आहेच. दुसरीच्या वर्गात अक्षरओळख नसलेले मूल कसे दिसते, हे मात्र त्यांना आपल्यावाचून कोण सांगणार? ते आपण सांगावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.