कुपीतील जीव आणि कुपीबाहेरचे

येथे चंदीगडच्या ३९ व्या सेक्टरमध्ये १९८४ साली स्थापन झालेली सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे १९८६ पासून सूक्ष्मजीवांचा एक संग्रह सांभाळला जातो. जीवाणू, यीस्ट आणि बुरशी गोठवून, सुकवून काचेच्या कुप्यांत बंद केलेल्या असतात. २००२ साली बुडापेस्ट करारान्वये या संग्रहाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि पेटंटासाठी लागणारे सूक्ष्मजीव भारतातच जमा करण्याची सोय झाली.

मात्र कुपीत जाणारा जीव आधी प्रयोगशाळेत वाढावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथेच आहे. चिमूटभर मातीतील ज्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, त्यांपैकी शंभरांत एखादीही तबकडीवर क्वचितच वाढते. कोणाला शेजाऱ्याने टाकलेले अन्न लागते, तर कोणाला प्राणवायू सोसत नाही.

म्हणून जीव वाढण्याची वाट न पाहता नमुन्यातील सर्वांचा डीएनए एकत्र काढून वाचण्याची रीत पुढे आली. अशा सामायिक जनुकसंचाला १९९८ साली जो हँडल्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मेटाजीनोम’ हे नाव दिले. २००४ साली क्रेग व्हेंटर यांच्या गटाने सारगासो समुद्राच्या पाण्यातून बारा लाखांहून अधिक नवी जनुके नोंदवली.

आपल्यापैकी पुष्कळांनी लोणार पाहिले नसेल. बुलढाणा जिल्ह्यातील हे तळे उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या विवरात साचलेले आहे. पाणी खारट आणि सोड्यासारखे अल्कधर्मी. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले, तेव्हा कोणी चमत्कार म्हणाले, कोणी शैवालाला दोष दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा क्षार वाढल्यावर फोफावणारे हॅलोआर्किया हे कारण आढळले. अशा पाण्यातील विकरे अल्कधर्मी द्रावणातही टिकतात. त्यांची जनुके सापडली, तर ती सहज वाढणाऱ्या जीवाणूत घालून धुण्याच्या पावडरीसाठी विकर बनवता येते.

तरी एक सावधगिरी सांगतो. नमुन्यात मेलेल्या पेशींचाही डीएनए असतो. सांडपाण्यात औषधाला दाद न देण्याचे जनुक दिसले, तरी ते रोगजंतूत आहे की निरुपद्रवी जीवाणूत, हे सुट्या तुकड्यांवरून पुष्कळदा ठरत नाही. डॉक्टरांना तर तेच हवे असते. तेव्हा पुन्हा तबकडीकडे वळावे लागते. डीएनएचा क्रम संगणकात उतरला की नमुना फेकून देण्याची घाई मला म्हणूनच पटत नाही. लोणारचे पाणी ऋतूगणिक बदलते. जून २०२० चे पाणी आता तळ्यातून भरून आणता येणार नाही.