खाज हे रोगाचे नाव नव्हे

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आणि कर्जावर बोलायला जमलेल्या बैठकीत एक डॉक्टर खाजेवर बोलायला उभा राहिला, हे पाहून काही जण गालातल्या गालात हसले. हसायला हरकत नाही. पण इथे बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी अर्धवट पिळलेली मलमाची ट्यूब देवळीत पडून आहे, तेवढे मनातल्या मनात मोजा. एका ट्यूबने गुण येत नाही म्हणून दुसरी, दुसरीने येत नाही म्हणून तिसरी. रात्रभर खाजवायचे आणि सकाळी झोप न झालेल्या अंगाने डवऱ्यामागे चालायचे. हा खर्च उत्पादनखर्चाच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही, पण तो आपल्याच खिशातून जातो.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. खाज हे रोगाचे नाव नव्हे. ती खूण आहे. खुणेवरून रोगाचे नाव काढायचे असते आणि नाव निघाल्याशिवाय औषध करायचे नसते.

ही गोष्ट कापूसवाल्याला तरी समजावून सांगायला नको. पराटीवर लाल्या येतो. पान लाल झाले एवढेच डोळ्यांना दिसते. पण ते मॅग्नेशियम कमी पडले म्हणून लाल होते, नत्र कमी पडले म्हणून होते, तुडतुड्यांनी रस शोषला म्हणून होते, पाण्याचा ताण बसला किंवा रात्री एकदम गार झाल्या म्हणूनही होते. लाल्या एक, कारणे पाच. तुडतुडे नसताना त्यांचे औषध मारले, तर दुकानदाराचे भले होते आणि पान लालच राहते. कातडीचेही तसेच आहे.

आता ज्याला आपण इसब म्हणतो आणि डॉक्टर एक्झिमा म्हणतात, त्याचे बघू. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ उकळून वर येणे असा आहे. ताज्या इसबाकडे पाहिले तर हे नाव का पडले ते कळते. बारीक पुरळ येते, फोड येतात, पाणी सुटते, खपल्या धरतात. जुने झाले की तीच कातडी कोरडी, जाड, काळपट होते आणि तिच्यावर बैलाच्या मानेसारख्या रेघा पडतात.

पण दिसते तेवढ्यावर रोग ठरवता येतो का, या प्रश्नावर डॉक्टरांनी दोनशे वर्षे डोके घासले आहे. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १७९८ ते १८०८ या काळात कातडीच्या रोगांची पहिली नीट प्रतवारी लावली. पुटकुळी कोणती, फोड कोणता, खवला कोणता, असे पाहून त्यांनी रोग वेगवेगळ्या खणांत ठेवले. पॅरिसच्या बेनिए यांनी १८९२ मध्ये वेगळीच बाब दाखवली. काही माणसांत आधी खाज येते आणि पुरळ नंतर उठते. शिवाय त्याच माणसांच्या घराण्यात दमा आणि सतत शिंका येण्याचा त्रासही असतो. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या कोका आणि कुक यांनी या घराणेशाही प्रवृत्तीला अ‍ॅटोपी असे नाव दिले. १९३३ मध्ये वाइज आणि सल्झबर्गर यांनी या जातीच्या इसबाला अ‍ॅटोपिक डर्माटायटिस म्हटले. तेच नाव आजही चालते.

नाव मिळाले तरी व्याख्या पक्की नव्हती. एका डॉक्टरला जे अ‍ॅटोपिक वाटे, ते दुसऱ्याला वाटत नसे. म्हणून १९८० मध्ये हॅनिफिन आणि राय्का या दोघांनी चार मुख्य खुणा ठरवल्या. पहिली, खाज. दुसरी, इसबाची ठरावीक ठिकाणे, म्हणजे तान्ह्या मुलाचे गाल आणि मोठ्यांच्या कोपराच्या व गुडघ्याच्या लवणी. तिसरी, रोग जुनाट असणे, जाऊन पुन्हा येणे. चौथी, स्वतःला किंवा घराण्यात अ‍ॅटोपी असणे. या चारांपैकी किमान तीन हव्यात आणि त्यांच्या जोडीला लहान खुणांच्या लांबलचक यादीतल्या आणखी तीन. ही यादी दवाखान्यात ठीक होती, पण गावोगाव फिरून रोगी मोजायला ती जड होती. म्हणून ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या एका गटाने १९९४ मध्ये ती छाटून सोपी केली. गेल्या वर्षभरात खाज हवीच. त्याशिवाय पाचांपैकी तीन गोष्टी हव्यात: लवणींत पूर्वी त्रास झालेला असणे, दमा किंवा शिंकांचा इतिहास, वर्षभरात अंग कोरडे पडलेले असणे, दोन वर्षांच्या आत रोग सुरू झालेला असणे आणि आज लवणींत इसब दिसणे.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. या यादीत रक्ततपासणी नाही, यंत्र नाही. प्रश्न विचारायचे, ऐकायचे आणि उजेडात अंग पाहायचे. जो डॉक्टर तुम्हाला कपडे बाजूला करायला न सांगता, एकही प्रश्न न विचारता चिठ्ठी लिहितो, त्याने रोग ओळखलेला नाही.

आणखी एक. पुस्तकांतली जुनी चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची. त्यांत इसब लालभडक दिसते. आपल्या सावळ्या अंगावर ते करडे, तपकिरी किंवा काळपट दिसते. लाली दिसत नाही म्हणून रोग सौम्य आहे असे समजू नये.

आता इसबाचे प्रकार. ढोबळपणे दोन वाटे करा. एक आतून येणारे, दुसरे बाहेरून लागणारे. अ‍ॅटोपिक हे आतल्या वाट्यातले. ते बहुधा बालपणी सुरू होते आणि घराण्यात चालते.

बाहेरून लागणाऱ्यातही दोन जाती आहेत. पहिली नुसत्या चुरचुरण्याची. सोडा, साबण, रॉकेल, खत यांनी कातडीचे वरचे कवच झिजते. हे कोणालाही होऊ शकते. जितका संपर्क जास्त तितका त्रास जास्त. ज्वारीच्या मळणीत कूस अंगाला लागते, आग होते आणि अंघोळीनंतर ओसरते, ते याच घरचे आहे. एका दिवसात जाणाऱ्या खाजेला आपण रोग म्हणत नाही. आठवडेच्या आठवडे टिकते किंवा पुन्हा पुन्हा येते, तिला जुनाट म्हणायचे.

दुसरी जात खऱ्या अ‍ॅलर्जीची. ही सगळ्यांना होत नाही. ज्याच्या शरीराने एखादी वस्तू शत्रू म्हणून ओळखून ठेवली, त्यालाच होते. मग ती वस्तू थोडी लागली तरी पुरते, आणि त्रास त्याच क्षणी न होता एक-दोन दिवसांनी उठतो. म्हणून माणसाला कारण सापडत नाही. खोट्या दागिन्यांतले निकेल, सिमेंटमधले क्रोमियम ही नेहमीची उदाहरणे. आणि आपल्या बांधावरचे उदाहरण म्हणजे गाजर गवत.

गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेहून मागवलेल्या गव्हाबरोबर ते आले असे सांगितले जाते, म्हणून लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटले. कसे का आले असेना, पेरल्याशिवाय देशभर उगवले. पाठोपाठ पुण्यातच कातडीचा एक नवा त्रास दिसू लागला. १९७४ मध्ये पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी डॉक्टरांबरोबर त्याची माहिती प्रसिद्ध केली. या गवतात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या पानांची धूळ, त्यांवरची लव आणि फुलांचा चुरा वाऱ्याने उडतो आणि उघड्या अंगावर बसतो. गवताला हात लावायचीही गरज नाही.

पन्नाशीचे एक काका माझ्याकडे आले होते. मानेची कातडी जाड, पापण्या सुजलेल्या, कोपराच्या लवणी फुटलेल्या. सहा वर्षांत त्यांना कोणी रक्त बिघडले म्हटले, कोणी उष्णता म्हटले. वांगे बंद, मसूर बंद, अंडी बंद. घरच्यांनी त्यांचे ताट वेगळे केले होते. मला सर्वांत वाईट वाटले ते या ताटाचे. इसब एकाचे दुसऱ्याला लागत नाही. ताटाने नाही, पाण्याने नाही, अंथरुणानेही नाही.

लवणी पाहिल्या तर ते अ‍ॅटोपिक वाटले असते. पण अ‍ॅटोपिक बहुधा बालपणी सुरू होते आणि यांचे चव्वेचाळीसाव्या वर्षी सुरू झाले होते. घराण्यात दमा नव्हता. मग उन्हाचा त्रास म्हणावा का? उन्हाने होणाऱ्या रोगात जिथे सावली पडते ती जागा वाचते: वरची पापणी, हनुवटीखालचा भाग, कानामागची घडी. काकांच्या नेमक्या याच जागा धरल्या होत्या. हवेतली धूळ घडीत शिरते, ऊन शिरत नाही. त्रास कधी वाढतो, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, पावसाळ्यात गवत माजले की. पाठीवर पट्टी-चाचणी केली. तिला पॅच टेस्ट म्हणतात. यादासोन यांनी १८९५ मध्ये काढलेली ही युक्ती आहे. संशयित पदार्थ पाठीला चिकटवायचे, दोन दिवसांनी पट्टी काढायची, पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. गाजर गवताच्या जागी पुरळ उठले. सहा वर्षांनी रोगाला नाव मिळाले. वांगे निर्दोष सुटले आणि ताट पंगतीत परत आले.

त्रास मुळापासून गेला असे मी सांगणार नाही. एकदा जडलेली ही अ‍ॅलर्जी सहसा जन्मभर राहते. पण कारण कळले की माणूस तिला टाळू शकतो आणि औषधही नेमके घेता येते.

इसब नसलेली खाजही ओळखा. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवती पुरळ आहे, घरात दोघा-तिघांना एकदम सुरू झाली, तर ती खरूज. ती किड्याने होते आणि पसरते. औषध सगळ्या घराने एकाच वेळी लावायचे. जांघेत, कमरेला गोल चकती, कडा उठलेली आणि मध्य निवळलेला, तर ते गजकर्ण, ती बुरशी. आणि ज्या चट्ट्याला खाज नाही, टोचले तरी कळत नाही, तो घेऊन तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. कुष्ठरोग लवकर सापडला तर पूर्ण बरा होतो.

आता देवळीतल्या त्या ट्यूबकडे येऊ. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असते. इसबावर ते औषधच आहे, पण कोणत्या ताकदीचे, कुठे आणि किती दिवस, हे डॉक्टरने ठरवायचे. तेच गजकर्णावर लावले तर खाज चार दिवस थांबते आणि बुरशी आतून पसरते. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावले तर कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, ट्यूब काउंटरवर आहे. चुकीच्या नावाची किंमत ही अशी असते.

एकाधिकार खरेदीच्या काळी केंद्रावर ग्रेडर कापूस हातात घेई आणि एक शब्द बोले. त्या एका शब्दावर वर्षाची कमाई ठरे. तेव्हा आपण विचारायला शिकलो की ही प्रत का दिली, कशावरून दिली. तोच प्रश्न दवाखान्यात विचारा. डॉक्टरसाहेब, माझ्या रोगाचे नाव काय? आतला की बाहेरचा? कशावरून म्हणता? हे मलम किती दिवस लावायचे? या प्रश्नांचा राग चांगल्या डॉक्टरला येत नाही. आणि जाताना उत्तरेही तयार ठेवा: कधी सुरू झाले, कुठून सुरू झाले, कोणत्या महिन्यात वाढते, घरात आणखी कोणाला आहे, आतापर्यंत काय काय लावले. ट्यूबा फेकू नका, पिशवीत घालून न्या.

गावाने करायचे कामही आहे. गाजर गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटले पाहिजे. एका झाडाचे बी हजारोंनी पडते. बांध, रस्ता, शाळेचे मैदान, सगळे एकाच आठवड्यात झाले तरच उपयोग. ज्याला त्रास आहे त्याने उपटायला जाऊ नये. बाकीच्यांनी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडके वापरावे. मोकळ्या जागी तरोटा वाढू द्या, तो गवताला दाबतो. गवताची पाने खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ पासून आपल्या देशात सोडला आहे. तो दिसला तर मारू नका.

आणि आपली मागणी एवढीच असावी की जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कातडीचा डॉक्टर आणि पट्टी-चाचणी दोन्ही असावीत. ही काही मेहेरबानी नव्हे. पिकावरच्या रोगाचे नाव सांगायला कृषी विद्यापीठे आहेत. पीक काढणाऱ्याच्या अंगावरच्या रोगालाही नाव मिळाले पाहिजे.

आज घरी गेल्यावर ती ट्यूब उचला आणि स्वतःला विचारा, ही कोणत्या रोगाची? उत्तर आले नाही, तर ती लावण्याआधी नाव शोधायला निघा.